परक्या पोटातला स्वयंभू

४ मार्च, ब्र्नो, चेक प्रजासत्ताक
नोंदवून ठेवणे भाग आहे: माझ्या खुर्चीवरची उशी आज मांजराला देण्यात आली. मानवजातीवर याहून मोठे अन्याय झाले असतील. मला आत्ता आठवत नाहीत. बायको, ड्राहा, म्हणाली, मांजर निदान त्या खुर्चीत बसून काही मोडत नाही.
दुर्लक्ष केले. जूनमध्ये विद्यापीठातला संस्कृत विभाग बंद, म्हणजे मीही बंद. त्याआधी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ओतमारच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी पटकावायची. २१ला इंटरव्ह्यू. तिथे दाखवायला स्वहस्ते, मुळापासून रचलेली लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. नाव: स्वयंभू.

७ मार्च
इथे लोक सुट्टीत रानात स्वतःची लाकडी झोपडी बांधतात आणि तयार दार आणणाऱ्याला हसतात. मीही तयार काही घेणार नाही. विशेषतः कर्नेल, म्हणजे यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा. जुने वैयाकरण सूत्रातली अर्धी मात्रा वाचवली की मुलगा झाल्यासारखे पेढे वाटत. मी आज कर्नेलमधून साउंड कार्डच वगळले.

१२ मार्च
अजून कर्नेलच. ड्राहाने विचारले, अरे, दुसरीकडे कुठे अर्ज टाकलास का? म्हटले, एकाग्रता भंगते. म्हणाली, केक संपवताना नाही भंगली ती.

१५ मार्च
ओतमार म्हणाला, पंडित, लॅपटॉप पुसून त्यावर तुमचा देव बसवू नका हो, उद्या मेल कुठून बघाल? लॅपटॉपवर आहे त्या तयार लिनक्सवर, डेबियनवरच, कंटेनरमध्ये चालवा. म्हणजे चालत्या घरात एक बंद खोली. उत्तम. राजा कुठेही राजाच.

१७ मार्च
स्वयंभू कंटेनरच्या आत टाकला. लॉगिन होईना. फायलींचा गठ्ठा बांधताना कोणती कुणाच्या मालकीची ही नोंद जपायची राहिली. आत सगळ्याचा मालक कुणी भलताच. निर्मात्यालाच देवळात मज्जाव. ड्राहाला सांगितले, झालेच जवळजवळ.

१९ मार्च
चालला! ओतमारला वर बोलावले. म्हटले, आता कर्नेल बघ. यंत्राला कर्नेलची आवृत्ती विचारली. डेबियनची आली. पुन्हा विचारली. पुन्हा डेबियनचीच. ओतमारने आधी बिअर खाली ठेवली. म्हणाला, अहो, कंटेनरला स्वतःचं कर्नेल नसतंच, घरमालकाचं वापरतो तो. तुमचं आत नुसतं पडून आहे. हे पहिल्या दिवशी शिकवतात. म्हटले, ठाऊक होते, तुझी परीक्षा घेत होतो. म्हणाला, इंटरव्ह्यू माझा आहे का मग?

२१ मार्च
एकच प्रश्न आठवतो. समोरच्या बाईंनी विचारले, कंटेनरमध्येच चालवायचं होतं, तर कर्नेलवर एवढे दिवस का घालवलेत? मी परंपरेबद्दल बोललो. बाईंनी पाणी पुढे केले. कळवू म्हणाल्या.
घरी ड्राहाने सूप वाढले.
बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. कर्नेल घडत होते तोवर इंटरव्ह्यू लांब वाटत होता. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. जूननंतर मला कुणी काम देणार नाही, याची भीती वाटते. ड्राहालाही तीच वाटत असावी. तिला विचारायचे धाडस होत नाही.