वायर लावायच्या आधी

२ जून २०२५, निलंगा
लग्नाला आठ दिवस झाले. आज रेणापूरहून माझ्या पेट्या आल्या. घर लई आवडलं. पुढं यांचं, सुदर्शनरावांचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, मागं आम्ही. हे म्हणाले, उज्वला, तूही दुकानात बसत जा. लातूरला केलेला कॉम्प्युटरचा कोर्स कामाला आला म्हणायचा. सासूबाई मात्र म्हणाल्या, दीपमालाला कोर्सबिर्स लागला न्हाई. दीपमाला यांची पहिली बायको, सहा वर्षांखाली डेंग्यूनं गेली. गेलेल्या बाईचं कशाला मनावर घ्यायचं.

४ जून
दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी १ जानेवारी २०१९ दाखवतो. आतला बटणासारखा सेल मेलाय. मशीन बंद असलं की त्याचं घड्याळ त्या सेलवर चालतं, आणि सुरू होताना मशीन आधी त्या घड्याळालाच तारीख विचारतं. नेटची वायर लावली की बाहेरून खरी वेळ मिळते आणि ते एका उडीत आजवर येतं. हे नऊला मशीन सुरू करतात, दार लावून घेतात, आणि वायर लावतात दहाला. म्हटलं, सेल बदलते. हे म्हणाले, हात लावायचा न्हाई.

९ जून
कळलं. २०१९ च्या त्या जानेवारीत दीपमाला जिवंत होती. फटीतून बघितलं, हे दोन कप चहा घेऊन बसले होते आणि रिकाम्या खुर्चीशी हसून बोलून राहिले होते. माझ्याशी एकदा तरी असं हसावं. जळतेय मी, लिहायला लाज कसली. पण मेलेल्या सवतीशी भांडावं तरी कसं?

१२ जून
हे नांदेडला गेले होते. नवा सेल बसवला. मशीन सुरू केलं, तारीख बरोबर आली. तिला म्हणावं, बस आता बाहेर. मी दोन घास जास्त जेवले.

१३ जून
सेल काढून टेबलावर ठेवलेला. हे ओरडले नाहीत. आज वायर बाराला लागली. अकराला मी आत गेले तर यांनी विचारलं, ताई, काय काम होतं. मला थट्टा वाटली. दुसरा कप कुणीतरी पिलेला होता. बारानंतर यांनी उज्वला म्हणून हाक मारली. सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं.

१६ जून
वायर चारला. तोवर सासूबाई मला ओळखेनात. गळ्याला हात लावला — मंगळसूत्र नाही. चारला परत गळ्यात. म्हणजे वायर लागेपर्यंत मी इथली कुणीच —

१७ जून. मी तरी तेच धरून आहे
नऊला मशीनचा आवाज आला. वायर मीच लावणार म्हणून पळत गेले. यांनी ती भिंतीपाशीच कापलीय.

यांनी हाक मारली, दीपमाला, चहा. स्वयंपाकघरातून आवाज आला, हाव, आणते.

मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलंय. वही तेवढी हातात —

ती दारात आली. माझी हिरवी साडी नेसलीय. लई मायेनं विचारून राहिली, ताई, फॉर्म भरायचा का, नाव सांगा. मी म्हटलं, मी यांची — तिनं पेन उचललं, थांबली. नाव विचारतेय. माझं नाव —