तंगुसाची चांदणी

प्रिय मानांग ओसिंग हिस,

तुझ्या धाकट्या भावाने, पोन्सियानोने, आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावला आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? नाताळात जहाजाचा प्रवास त्याला मुळीच मानवणार नाही असं मला फार वाटतं. सेबूला मुलाकडे आहेस तर तिथेच सुखाने राहा. इथे समुद्र खवळलेला आहे (आज नाही, पण खवळेल, मला लक्षणं कळतात). तुझं शेजारचं घर मी डोळ्यांत तेल घालून राखतो आहे, त्याची काळजी नको. माझ्या छातीत अधूनमधून धडधडतं. पासिंग म्हणते कॉफी कमी करा. नवऱ्याच्या छातीबद्दल बायकोने इतकंच बोलावं का, हे तूच सांग.

तर आपल्या नातीचं, मारिविकचं, पाम्पांगाच्या जोमारशी जमलं आणि त्याचे आईबाप रविवारी मागणी घालायला यायचे ठरले. पोरगा सोन्यासारखा आहे. घोर मला त्याच्या बापाचा लागला, कारण हा देल्फिन नाताळचे चांदणीचे कंदील बनवतो आणि त्याचे कंदील गावोगावच्या देवळांवर लागतात. अशा माणसाच्या स्वागताला दारात काय टांगायचं? दुसऱ्याचा कंदील टांगला तर त्याचा अपमान, त्याचाच आणून टांगला तर आपली लाचारी, आणि नाताळात दार रिकामं ठेवलं तर नातीचं लग्न मोडलंच म्हणून समज. शेवटी मारिविकनेच फोनवर दाखवलं, की फळीवर चांदणीच्या आकारात खिळे ठोकायचे आणि त्यांच्यामधून दोरा फिरवत न्यायचा. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. जन्म जाळी विणण्यात गेला (शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण गाठीत मला कुणी हरवलेलं नाही).

पासिंग म्हणाली, "अहो, लाल लोकर घ्या." बायकांना काय कळतं? खाऱ्या वाऱ्यात लोकर महिनाभरात कुजते. मी मासेमारीचा चांगला जाड तंगूस घेतला, ज्याने बोट ओढली तरी तो तुटत नाही. आता व्हिडिओतली बाई दोरा नुसता फिरवत होती, गाठ कुठेच मारत नव्हती. ते पाहून माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी प्रत्येक खिळ्यावर जाळ्याची गाठ मारली. चष्मा लावला नव्हता, कारण जाळं डोळ्यांनी विणत नाहीत, बोटांनी विणतात. बोटांना चांदणी अगदी सुरेख लागत होती.

रविवारी पाहुणे पान्सितच्या शेवयांची परात आणि टोपलीभर सुमान, म्हणजे पानात गुंडाळलेला गोड चिकट भात, घेऊन आले आणि दाराशीच थबकले. देल्फिनने बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "खिळे छान ठोकलेत. चांदणी कधी लावणार?" मी चष्मा लावला. मानांग, तंगूस बनवतातच मुळी माशाला दिसू नये म्हणून. तो व्याह्याला कसा दिसावा? पासिंग शांतपणे म्हणाली, "लावलीय की. जवळ जाऊ नका, अडकाल." विहीणबाईंनी परात खालीच ठेवली नाही. त्यांनी जोमारला नुसतं विचारलं, "मुलगी दिसते ना रे?" मारिविक रडकुंडीला आली आणि माझी धडधड सुरू झाली (त्या दिवशी मी कॉफी घेतलेली नव्हती).

देल्फिनने भेट म्हणून एक रंगीत कंदील आणला होता. फळी नीट पाहावी म्हणून त्याने तो पेटवून बाजूने धरला आणि सगळा तंगूस एकदम लखलखला. तो कंदील हलवी तशी चांदणी लाल व्हायची, हिरवी व्हायची, नाहीशी व्हायची. त्याने एक दोरा जोर लावून ओढला. गाठ हलली नाही. मग तो म्हणाला, "मी जन्मभर कागदाआड दिवा लपवला. या म्हाताऱ्याने चांदणीच लपवली. बाई, परात ठेव. इथली गाठ सुटायची नाही." जेवणं झाली, मागणी झाली, फेब्रुवारीत लग्न ठरलं. जाताना देल्फिनने फळी मागितली. व्याह्याला नाही कसं म्हणणार? जीपच्या टपावर बांधून दिली.

सर्वांना आशीर्वाद सांग.

तुझा भाऊ,
पोन्सियानो

ता. क. फळी कुठून आणली ते लिहायचं राहिलं. बाजारातल्या फळ्या खिळ्याने फुटतात. तुझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचं लाकूड मात्र जुनं, नारा झाडाचं, फार गुणी. आता तिकडून आमची शेळी आत जाते, पण ती चुलीकडे फिरकत नाही. म्हणून म्हटलं, गुडघा जप.

आणखी ता. क. देल्फिनला लग्नात चर्चच्या दारासाठी तशीच दुसरी चांदणी हवी आहे, जोडीची. तसं लाकूड तुझ्या निजायच्या खोलीच्या दारालाच आहे. नात तुझीही आहे. परवानगी उलट टपाली कळव.

शेवटचं. नाही म्हणायचं असेल तर जरा घाई कर. तीन कोनांचे खिळे ठोकून झालेत.