ग्लॅडिसची दोरी

होबार्ट, ४ सप्टेंबर

चि. मर्व्ह यास नोलीनताईचे अनेक आशीर्वाद.

लेकीकडे सुखरूप पोचले. लिझमोरचं घर तुझ्या हवाली केलं खरं, पण जीव तिथेच अडकलाय. सोबत जाड दोरी पाठवतेय. एक टोक खांबाला बांध, दुसरं पोहण्याच्या तलावात सोड. समोरचं रान तोडून घरं झाल्यापासून आपल्या गल्लीत ग्लॅडिस ही एकच कोआला उरलीय, आणि तिच्या पाठीवर पिल्लू आहे. झाडं बदलताना ती पाण्यात पडली, तर गुळगुळीत कडेवरून तिला वर येता यायचं नाही. कुत्र्यालाही रात्री घरात घे, नाहीतर ती खाली उतरली की तो धावून जाईल. एवढं ऐक, बाबा.

तुझी काळजी आणि ग्लॅडिसची थोडी जास्त करणारी,
ताई

लिझमोर, १५ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोरी मिळाली. फार मजबूत आहे, माझ्या सहा चड्ड्या एकदम वाळतात. तुझी ग्लॅडिस दिवसभर झोपते, तिला पोहायला सवड कुठली? कुत्रा मात्र घरात असतो. तो पलंगावर, मी सोफ्यावर.

आहे तो लोभ टिकवावा.
मर्व्ह

होबार्ट, २२ सप्टेंबर

चि. मर्व्ह यास,

आशीर्वाद यावेळी राखून ठेवलेत. शेजारच्या तलावातून बुडालेली कोआला मी या हातांनी काढलीय. ग्लॅडिसला काही झालं, तर ख्रिसमसला तुझं तोंड पाहणार नाही. चड्ड्या कुंपणावर घाल.

ताई

लिझमोर, १ ऑक्टोबर

ती. ताईस, मानेला पट्टा असल्यामुळे न वाकता नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोरी सोडायला निघालोच होतो, तेवढ्यात धप्पकन आवाज आला. मी बुटांसकट उडी मारली. ग्लॅडिसला वाटलं, झाड आलं. पिल्लासकट माझ्या डोक्यावर चढली आणि तिथेच झोपली. मी गळ्याइतक्या पाण्यात उभा, आणि शिडी गंजली म्हणून मीच काढून टाकलेली!

शेजारच्या बेव्हने कोआला वाचवणाऱ्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, कसल्या झाडावर आहे? बेव्ह म्हणाली, जुनं आहे, शेंड्याला टक्कल पडलंय आणि शिव्या देतंय. त्यांनी बजावलं, झाड हलवू नका.

शेवटी बेव्हने चड्ड्यांसकट दोरी पाण्यात सोडली. ग्लॅडिस सावकाश वर गेली, माझी निळी चड्डी पिल्लाच्या डोक्यावर घेऊन. तिच्या मागून त्याच दोरीने मी. या गुडघ्यांना दुसरा उपाय नव्हता. ताई, खरंच घाबरलो होतो गं. पिल्लाचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

पिल्लू चड्डी परत द्यायला तयार नाही. असो. तुझा लोभ आहेच, सोबत आणखी एक दोरी पाठव. ही ग्लॅडिसची झाली. मला माझी हवी.

तुझं झाड,
मर्व्ह