हिंगुळाचा ठिपका

७ मार्च १८९७, रविवार. वरळी

आभाळ वाळलंच नाही! सकाळी नवाला रंगवलं, दुपारी तीनला बोट लावून पाहिलं तर चिकट. वाळलं तेव्हा कागदावर मीठ फुललं. मनमोहन पोट धरून हसला. "मामा, समुद्राचं पाणी घेतलंत?" घेतलं! समोर एवढा समुद्र पसरलाय, तर पाणी काय गिरगावातून आणू? चित्रशाळेत मास्तर झाला म्हणून मामाला हसतो. याला मुळाक्षरं मी गिरवायला शिकवली.

म्युनिसिपालिटीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. तिथे मला हसायची कुणाची छाती नव्हती. प्लेगच्या साथीपायी गिरगावचं घर बंद करून या वाडीत येऊन बसलो. हाताला काम नाही, म्हणून हे पाण्याचे रंग घेतले. तर ही गत!

८ मार्च

जागा मात्र फर्मास निवडली आहे. किल्ल्याच्या वाटेवरचं कोळ्यांचं तिसरं घर. झावळ्यांचं छप्पर, मागे खाडी, बाजूला ओढून ठेवलेली होडी. मनमोहनलाही पसंत पडली.

गोडं पाणी मागायला दाराशी गेलो. तांब्याभर, जास्त नाही! एका बाईने दार बोटभर उघडलं, माझ्या टोपीकडे, पेटीकडे, घडीच्या स्टुलाकडे पाहिलं आणि लावून घेतलं. तोंडावर! पुढे दोन घरं सोडून एका म्हातारीने पाणी दिलं. तिनेच सांगितलं, दार लावून घेणारी ती सोनूबाई. नाव लक्षात ठेवलंय.

१० मार्च

आज गेलो तर घरासमोर शीड टांगलेलं! होडीचं अख्खं शीड, दोन बांबूंवर, पार दारापासून खिडकीपर्यंत. काल नव्हतं. मी निम्मं घर रंगवून बसलो आहे, आता उरलेलं काय मनाने काढू?

"बाई, हे जरा बाजूला घेता का?" म्हटलं. शिडामागून उत्तर आलं, "सुकाया घातलंय." कोरडं ठणठणीत होतं. हात लावून पाहिलं मी.

११ मार्च

शीड आहेच. म्हणून बाजूची होडी रंगवली. चित्रात तीही तोंड फिरवून बसल्यासारखी आली.

१४ मार्च, रविवार

शीड बांबूवरून सरकलं होतं, दार दिसत होतं. मनमोहन शेजारी उभा राहिला. चित्र डोळे बारीक करून पाहिलं, लांबून पाहिलं. शेवटी म्हणाला, "मामा, सगळं हिरवं-करडं झालंय. कुठेतरी लालाचा एक ठिपका द्या. एवढासाच. बघा मग, बाकीचं कसं जागं होतं ते."

दिला. दारावर, उजव्या अंगाला, हिंगुळाचा. आणि खरंच! हिरवं हिरवं झालं, करड्यात खोली आली. मला वाटलं, हे माझ्या हातून झालं? सत्तावन्न वर्षांत असा आनंद झाल्याचं आठवत नाही. घरी येऊन यशोदाला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण जेवायला चला."

१६ मार्च

मला तपासनीस समजतात! मला!

आज वाटेवर दोन कोळणी मला बघून पाटी घेऊन चक्क पळाल्या. पाणी देणाऱ्या म्हातारीला विचारलं तेव्हा कळलं. टोपी घालून रोज एकाच घरासमोर बसतो, घराकडे बघतो, कागदावर काहीतरी उतरवतो, मग दुसरा साहेब येऊन कागद तपासतो. दुसरा साहेब म्हणजे मनमोहन! यांना वाटतं, मी साथीचे रोगी हुडकायला आलोय.

तपासणीवाले काय करतात ते मी गिरगावात पाहिलं आहे. समोरच्या माडीवर एकाला ताप होता. पहाटे शिपाई आले, दारावर गेरूचा गोल काढला, रोगी दवाखान्यात, बाकी घरदार छावणीत. भांडीसुद्धा अंगणात फेकली. म्हणून तर आम्ही पळालो. आणि त्या लोकांत माझी गणना! मी शिडासमोर जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "मी तपासनीस नाही. मी चित्रं काढतो." आतून ओव्याचा धूर मात्र भसाभस. मार्चातल्या उकाड्यात, दारं-खिडक्या लावून! कुणीतरी कण्हल्यासारखंही वाटलं.

१८ मार्च

होळी. कोळीवाड्यात जायची सोय नाही. दिवसभर वाडीतली केळ काढली. भेंडीसारखी आली.

२० मार्च



चित्र आज पुरं होणार होतं. फक्त होडीची सावली राहिली होती. सोनूबाई आपणहून बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या! मला बरं वाटलं. म्हटलं, पटलं हिला. तांब्या खाली ठेवला, म्हणाली, "बघू कं?" मी चित्र तिच्याकडे वळवलं. तिने होडी ओळखली. माड ओळखला. तोंडाला पदर लावून हसली सुद्धा. मग दार पाहिलं.

"ह्यो तांबरा कनाला?"

तांबडा कशाला, ते मी समजावलं. की लाल असला म्हणजे हिरवा खुलतो. की हा हिंगूळ आहे, गेरू नव्हे; गोल नव्हे, ठिपका आहे.

"आमचे घरान कोन आजारी नाय. पुसा तो."

"बाई, तो पुसला तर चित्रात राहिलं काय?"

"पुसा, तुमचे पाया परते." आणि खरोखर वाकली. मी पाय मागे घेतले. पुसणार नाही म्हणालो. का पुसावा? माझं चित्र आहे! तेव्हा त्या बाईने तांब्यात अंगठा बुडवला आणि माझ्या दारावरून, माझ्या चित्रातल्या दारावरून, फिरवला. दोनदा. पाण्याचाच रंग, ओला अंगठा. ठिपका गेला, दार गेलं, लाल ओघळ पार उंबऱ्यापर्यंत. मी ओरडलो. ती अंगठा लुगड्याला पुसून आत गेली.

तेरा दिवसांची मेहनत!

संध्याकाळी

जुन्या कचेरीत पत्र लिहिलं. तक्रार नाही, नुसत्या चार ओळी. वरळी, किल्ल्याची वाट, तिसरं घर. दार दिवसरात्र बंद, पुढे आडोसा, आत धूर, कण्हण्याचा आवाज. रहिवासी विचारपूस टाळतात. यात एक अक्षर खोटं नाही. खाली सही, हुद्दा, आणि 'निवृत्त'. एकतीस वर्षं असे कागद लिहिले, हात बसलेला आहे. शीड उतरवायला लावतील, दोन शब्द सुनावतील, बाईला जरा समज येईल. गड्याकडून लगेच टपालात टाकवलं. जेवण गोड लागलं.

२१ मार्च, रविवार

मनमोहनला चित्र दाखवलं. मला वाटलं, हळहळेल. तर म्हणतो, "मामा, हे उत्तम झालंय! दारावर ऊन पडल्यासारखं दिसतंय. ठिपका जरा ढोबळच होता."

ढोबळ! द्यायला सांगितला कुणी?

२३ मार्च

यशोदाशी कडाक्याचं भांडण.

तिला पत्राचं सांगितलं ते मीच, आणि ऐटीत. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "ओव्याचा धूर म्हणालात? दारं बंद? पुढे आडोसा?"

"तेच तर!"

"अहो, बाळंतीण असेल घरात! वारा लागू नये, नजर लागू नये म्हणून. आपल्या घरात पाच बाळंतपणं झाली, तुम्हाला एवढं कळू नये? कुठे होता तुम्ही?"

"कचेरीत होतो!"

मी आवाज चढवला, पण माझा मलाच तो पोकळ वाटला. मग बाईने तोंडाने सांगायचं होतं! परक्या टोपीवाल्याला कोण सांगतं, म्हणे. आणि तापाच्या नावाने हल्ली कुणालाही उचलतात, हे तुम्हीच आम्हाला गिरगावात सांगितलंत, म्हणे. ती रडायला लागली तेव्हा मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो.

२४ मार्च

दुसरं पत्र. पहिल्या पत्रातला मजकूर गैरसमजुतीने लिहिला गेला, तो रद्द समजावा. तीनदा खरडलं. 'गैरसमजुतीने' की 'घाईने', यातच दुपार गेली. यशोदा म्हणाली, पत्रं कसली लिहिता, जाऊन त्या बाईला सावध करा. कोणत्या तोंडाने? तिच्या दारात उभा राहून सांगू काय, की मी तुझ्यावर कागद लिहिलाय?

तरी उद्या जातोच.

२५ मार्च

गेलो नाही. डोकं दुखत होतं. फार नव्हतं.

२६ मार्च

सकाळी गेलो. शीड नव्हतं. दाराला बाहेरून कडी. शेजारी दगडू म्हणून एक कोळी जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, परवा पहाटे तपासणीवाल्यांची गाडी आली. सोनूबाईची लेक शांती, तिला अंगात ताप होता, बाळंतिणीला येतो तसा. तेवढा त्यांना पुरला. शांतीला दवाखान्यात नेलं, सोनूबाईला आणि अठरा दिवसांच्या पोराला छावणीत. पोर आईशिवाय. शिपायाच्या हातात कुणाचातरी कागद होता, तो वाचत, घरं मोजत आले.

मग त्याने माझ्या टोपीकडे पाहिलं. "तो कागद तुमी तं नाय ना लिवला?"

मी म्हटलं, नाही. मी चित्रं काढतो.