फोटोंतून मुलीला काढू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. यातला शब्दही मला कुणी शिकवलेला नाही. डॉक्टरांनी माझं डोकं शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. छातीबद्दल विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले, त्यावरून काय ते मी समजलो.

कलम पहिलं. दुकान, दुकानावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक ही सर्व मिळकत पूर्ण मालकीहक्काने माझ्या पत्नीची. तिने विकावी, भाड्याने द्यावी, नाहीतर कुलूप ठोकून बहिणीकडे जाऊन राहावं. तिला कुणी अक्कल शिकवू नये. माझ्या धाकट्या भावाने तर मुळीच नाही.

कलम दुसरं. काचा घासायचं यंत्र आणि फ्रेमांचा माल दुकानातल्या कारागिराला. गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता तो त्याच्या घरची भांडणंही मिटवतो, हे मला कधीच पटलं नाही. पण हात चांगला आहे आणि माझ्या आजारपणात दुकान त्यानेच सांभाळलं.

कलम तिसरं, ज्यासाठी हा कागद केला. वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जुन्या रेल्वे स्टेशनांचे मी काढलेले फोटो आणि निगेटिव्ह आहेत. लोक मला वेड्यात काढायचे. "एवढं दुकान बंद ठेवून जाता आणि गाडीचा एक फोटो नाही?" गाडी मला नकोच असायची. ती सुटेपर्यंत मी थांबायचो. मग हमाल बाकावर टेकायचे, पोचवायला आलेली माणसं रुळांकडे बघत उगाच रेंगाळायची, आणि वरच्या काचांतून ऊन फलाटावर उतरायचं. परक्या गावी उतरलेल्या माणसाचं कुणीतरी स्वागत करावं, म्हणून कुण्या गवंड्याने एवढी उंच कमान बांधली, लोहाराने खांबांवर पानं काढली. तिकिटाच्या खिडकीची फळी लोकांच्या कोपरांनी झिजून खोलगट झालेली असायची. त्या फळीवर हात ठेवला की मला भरून यायचं. का, ते आजही सांगता येत नाही.

फोटोत कमान केवढी आहे ते कळत नाही, शेजारी माणूस उभा करावा लागतो. तो माणूस म्हणजे माझी मुलगी. अगदी लहान असल्यापासून ती माझ्याबरोबर यायची. पण मापाला घेतलेलं माणूसच वाढत होतं! म्हणून निघण्यापूर्वी मी तिला दाराच्या चौकटीला टेकवून मोजायचो आणि ती उंची फोटोमागे लिहायचो.

"बाबा, मी काय फूटपट्टी आहे?"

"हो. खाऊ मागणारी फूटपट्टी. हलू नकोस."

बाराव्या वर्षी तिला ताप भरला आणि आठवड्याच्या आत ती गेली. त्यानंतर मी एकही फोटो काढला नाही. तिची आई त्या कपाटाकडे पाठ करून झोपायला लागली, ती आजही तशीच झोपते. तिला ते फोटो बघवत नाहीत, म्हणून ते तिच्या नावे करत नाही. यात माझा राग नाही.

राग आहे तो धाकट्या भावावर. त्याचा छापखाना आहे. कॅलेंडरसाठी त्याने एक फोटो मागून नेला. छापून आला तेव्हा कमान होती, खांब होते, मुलगी नव्हती. तिच्या जागी फरशी रंगवली होती. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी जाब विचारला तर म्हणतो, "अरे दादा, एवढं देखणं स्टेशन, त्यात मधेच पोर कशाला? लक्ष तिकडेच जातं." तिचा काका हा! मी त्याच्या घरची पायरी उतरलो, ती परत चढलो नाही. मला पोचवायला त्याने खुशाल यावं. कपाटाजवळ फिरकू नये.

सबब सर्व फोटो व निगेटिव्ह शहराच्या संग्रहालयास द्यावेत. अट एकच. कोणत्याही फोटोतून मुलीला काढू नये, कापू नये, पुसू नये, छापतानाही नाही. अट मोडल्यास सर्व फोटो परत घेण्याचा हक्क माझ्या पत्नीस राहील.

कलम चौथं. वकील म्हणाले, हे कलम होत नाही. न होवो.

अगं, तुला एक सांगायचं राहून गेलं. नदीकाठचं स्टेशन जळलं, दर्शनी कमान कोसळली, आणि नकाशेही आगीतच गेले. रेल्वेचा इंजिनिअर आपल्याकडून फोटो घेऊन गेला. मागे लिहिलेल्या आपल्या पोरीच्या उंचीवरून त्याने माप धरलं आणि कमान पुन्हा उभी केली. नंतर बिचारा परत आला. जुने हमाल म्हणत होते, कमान पहिलीपेक्षा वीतभर बुटकी झाली. "काका, मुलीची उंची नीट मोजली होती ना?"

"अगदी नीट," मी म्हणालो. ते खरंच होतं. घरी मोजली तेव्हा ती सरळ उभी होती. तिथे मात्र मी "टाचा टेक, टाचा टेक" म्हणून ओरडत होतो, आणि मी बटण दाबताना ती हळूच चवड्यांवर उभी राहिली. तिला मोठं दिसायचं होतं गं. पुढे सामानाची पेटी होती, त्यामुळे फोटोत पाय दिसत नाहीत. फोटोत ती लिहिल्यापेक्षा उंच दिसली, इंजिनिअरने मात्र लिहिलेलीच उंची धरली, म्हणून तिच्या मापाने बांधलेली कमान त्या प्रमाणात बुटकी झाली. इंजिनिअरला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती दुरुस्त केली असती.

तू फोटो बघू नकोस. पण एकदा तिथे जा, कमानीखाली उभी राहा आणि वर बघ. तिथे जी वीतभर उंची कमी आहे, ती आपल्या पोरीची खोडी आहे. दगडात बसली आहे. तिथून तिला आता कुणालाही काढता यायचं नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. या कागदाने दोघांपैकी कुणालाही काही मिळत नाही.

सही: चष्मेवाला

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. समोरचा शिंपी (सही)

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: आजचा, सोमवार, दुकान बंद