समोरचं दार

प्रिय भिंगरी,

पत्र बघून हसू नकोस. एकच आई, एकच कंपनी, तरी ताई पत्र लिहिते म्हणजे हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं तुला वाटणारच. पण शुक्रवारी तुझी चौकशी आहे, सोमवारी युनियनचं मतदान आहे, आणि या दोन गोष्टींचा सगळ्यांनी मिळून असा गुंता करून ठेवलाय की फोनवर मला तो सोडवता येणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी घरचं सांगते. आईचा गुडघा बरा आहे. परवा तिने मला विचारलं की या दोन युनियनांत नेमका फरक काय. मी अर्धा तास समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की म्हणजे तुम्हा दोघींची मोठी कोण यावरून लहानपणी व्हायची तीच मारामारी, फक्त आता युनिफॉर्म घालून. मला राग आला, पण तिचं अगदीच चूक नव्हतं. आमच्या मोठ्या कंपनीने तुमची छोटी कंपनी विकत घेतली तेव्हापासून भांडण त्याच एका मुद्द्यावर आहे. आमची युनियन म्हणते, तुमची सीनियॉरिटी विलीनीकरणाच्या दिवसापासून धरा. तुमची म्हणते, ज्या दिवशी पहिल्यांदा गणवेश घातला त्या दिवसापासून धरा. जी जिंकेल ती सगळ्यांची युनियन होणार. सुट्टी आधी कुणाला, चांगल्या फ्लाइट कुणाला, कपात झाली तर बाहेर आधी कोण, हे सगळं त्यावर ठरणार. तुझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीवर पाणी फिरवायला मी निघालेय असं तू जेवताना म्हणालीस, ते मला लागलं. तरीही मत मी माझ्याच युनियनला देणार. मी वरच्या जागी पोचायला जितकी वाट पाहिली ती मला कुणासाठी फुकट घालवायची नाही. हे तुला तोंडावर सांगितलंय, आता लिहूनही देते.

क्रू रूममध्ये तर आनंदच आहे. सूचनाफलकावर मधोमध चिकटपट्टी लावलीय, डावीकडे तुमची पत्रकं, उजवीकडे आमची. चहाच्या मशीनपाशी तुमचे निळ्या फितीवाले आले की आमचे हिरव्या फितीवाले कप अर्धवट ठेवून उठतात. परवा एक म्हातारा कॅप्टन म्हणाला की आता विमानातली स्वच्छतागृहंही वाटून घ्या, म्हणजे प्रवाशांचा खोळंबा होईल आणि वरच्यांना तुमचं दुःख कळेल. कुणी हसलं नाही. एरवी त्याच्या पांचट विनोदांवरही आपण सगळ्या खिदळायचो.

आता त्या फ्लाइटबद्दल. मी ड्यूटीवर नव्हते. दुसऱ्या शहरातून माझी फ्लाइट निघणार होती, म्हणून साध्या कपड्यांत, प्रवाशांसारखी तुमच्या विमानात बसले होते. जागा मिळाली ती मधल्या दारांच्या समोरची. डाव्या दाराला तू, उजव्या दाराला आमच्या युनियनची मास्तरीण. तिला हे नाव तूच ठेवलंस, दुसऱ्यांचे स्कार्फ सरळ करत फिरते म्हणून. येताना क्रूच्या बसमध्ये ती तुला काल आलेली म्हणाली आणि तू तिला काय म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर अख्ख्या प्रवासात तुम्ही एकमेकींशी एक शब्द बोलला नाहीत. ट्रॉली दोन्ही टोकांनी धरून तोंडं दोन दिशांना. शेजारच्या आजोबांनी मला विचारलं की या दोघी जावा आहेत का.

विमान थांबलं. दारांची घोषणा झाली. तू दाराची आणीबाणीची घसरगुंडी बंद करायच्या लिव्हरकडे वळलीस आणि तेवढ्यात तो तपकिरी कोटवाला उभा राहून वरून बॅग ओढायला लागला. ती खाली बसलेल्या बाईच्या डोक्यावर पडणार होती. तू धावलीस, त्याला बसवलंस. तू अगदी बरोबर केलंस, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण परत आलीस ती लिव्हरकडे न बघता. लिव्हर वरच होता, म्हणजे दार उघडलं की घसरगुंडी सुटणार. मग समोरासमोरची तपासणी. मास्तरणीने चार पावलं चालून तुझं दार बघायचं, तू तिचं, आणि मग अंगठा. नवशिक्यांनाही पहिल्या आठवड्यात आपण हेच घोटून शिकवतो. तिने खिडकीकडे बघत अंगठा दाखवला. तू छताकडे बघत दाखवलास. मी पट्टा सोडून उठले, तुला हाक मारली. सगळे प्रवासी उभे, सगळ्यांचे फोन चालू. तुला वाटलं ताई निरोप घेतेय. तू हसून मला हात केलास आणि त्याच हाताने दार उघडलंस.

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सरावात ऐकतो तसा तो नसतो. ती रबरी घसरगुंडी फुगून बाहेर आदळली तेव्हा सफाईवाला जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. त्याने बाजूला उडी मारली म्हणून घोट्यावर निभावलं. मी त्याला भेटून आले. प्लास्टर आहे, बायको चिडलेली आहे, तो स्वतः मात्र सगळ्यांना रंगवून सांगतो. तू जा एकदा. तो तुझ्यावर रागावलेला नाही.

त्या दिवसापासून साक्षीदार म्हणून मला फार मान मिळतोय. आमच्या युनियनचे सेक्रेटरी स्वतः कॉफी घेऊन आले. त्यांचं म्हणणं, मास्तरणीने तपासलं होतं एवढंच सांगा, म्हणजे तुमच्या छोट्या कंपनीच्या प्रशिक्षणाचे सोमवारपर्यंत वाभाडे काढता येतील. दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रतिनिधी आल्या. त्यांना फक्त मास्तरणीने तपासलं नाही एवढं हवंय. आमचे लोक सीनियॉरिटीच्या जिवावर झोपा काढतात हे सिद्ध होतं म्हणे. मी दोघांनाही सांगितलं की विचार करून सांगते. लिव्हर खाली करायचा राहिला कसा, किंवा त्या सफाईवाल्याचं काय झालं, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. मला त्यांचा तितका राग नाही, निवडणूक म्हटली की असं होतं. राग तुझा आला, कारण काल फोनवर तूही तेच मागितलंस. ताई, तिने बघितलं नाही एवढंच सांग, बाकी तुला काही दिसलं नाही म्हण.

तिने बघितलं नाही हे खरं आहे आणि ते मी सांगणार आहे. सेक्रेटरींनी मला फाडून खाल्लं तरी सांगणार. पण भिंगरी, लिव्हर वर होता, आणि तूही तिच्या दाराकडे बघितलं नाहीस. मला तेही दिसलं आणि मी तेही सांगणार. त्याने तुझी नोकरी जाऊ शकते हे मला माहीत आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही. शुक्रवारी आधी तुला बोलावणार, मग मास्तरणीला, मग मला. हे पत्र मी आजच तुझ्या टपालाच्या कप्प्यात टाकतेय ते एवढ्यासाठीच. तुझ्याकडे दोन दिवस आहेत. आत गेल्यावर कुणी विचारायच्या आधी तू स्वतःच सगळं सांग, तो तपकिरी कोटवालाही सांग. तू सांगितलंस, तर माझी पाळी आल्यावर मला फक्त हो म्हणायचंय. नाही सांगितलंस, तर माझ्या बहिणीविरुद्ध मला बोलावं लागेल, आणि मी बोलेन.

रागावलीस तरी तुझीच,
ताई