दोन्ही कानांचा टक

गुरुवार, १४ मार्च

प्रिय दादा,

आधी नमस्कार घे, कारण पुढचं वाचून तू तो घेशील की नाही, शंकाच आहे. आईचा गुडघा आता बरा असेल. मी मजेत. मजेत काय, आज मी चक्क जिंकले.

आमच्या छापखान्यात पानं लावायचा कॉम्प्युटर तीन आठवडे मधेच बंद पडत होता. तोच आपला निळा पडदा, पांढरी अक्षरं आणि केलेलं काम पाण्यात. त्यावर बसणाऱ्या ताई इथल्या सगळ्यांत जुन्या. इंजिनियरने दोनदा सगळं पुसून नव्याने भरलं, पण कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत काही बघितलं नाही. शेवटी मालक म्हणाले, "ताई, तुमचा हातगुणच वाईट. शनिवारनंतर येऊ नका."

मी म्हटलं, "शनिवारपर्यंत मला बघू द्या."

"तू बांधणीवाली. तुला त्यातलं काय कळतं?"

मी वही काढली. तू शिकवलंस तसं. पडदा आला की आधी घड्याळ बघायचं, मग पडद्यावरचा बिघाडाचा कोड, मग खोलीत काय चाललंय ते. कोड दर वेळी वेगळा. तू म्हणायचास, रोज नवी सबब सांगतो तो एकच गोष्ट लपवतो. कोड बदलता असेल तर मेमरी बघ. शेजारीच कागद कापायचं मशीन आहे. पातं गठ्ठ्यावर पडलं की टेबलावरचा चहा हिंदकळतो. मंगळवारी कटिंगवाला रजेवर होता, तर कॉम्प्युटर दिवसभर साळसूद.

आज सगळ्यांसमोर झाकण उघडलं. मेमरीची पट्टी धरणाऱ्या दोन कानांपैकी एक अर्धवट उघडा होता. पट्टी काढली, खोडरबराने घासली, दाबली. टक. थांबले. दुसरा टक. मग कटिंगवाल्याला म्हटलं, "आपट आता किती आपटायचं ते." त्याने हौसेने वीसेक वेळा आपटलं. पडद्यावरचं पान ढिम्म हललं नाही. मालकांनी ताईंसाठी स्वतः चहा आणला. ताई माझा हात धरून रडल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

का, ते सांगते. सात वर्षं सांगितलं नाही.

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात ज्या मशीनमधून त्या शिक्षिकेचं लिहून झालेलं पुस्तक नाहीसं झालं, त्या मशीनची मेमरी तू नीटच बसवली होतीस. तू जेवायला गेलास तेव्हा मी ती पट्टी धूळ पुसायला काढली. परत बसवताना एक टक ऐकला, दुसऱ्याची वाट न बघता झाकण लावलं. त्या बाई भर बाजारात तुला नाही नाही ते बोलल्या, तू खाली मान घालून ऐकलंस, आणि मी काउंटरमागे तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. "माझा हात गेला," म्हणून तू शटर ओढलंस ते कायमचं. तुझा हात कुठेही गेला नव्हता, दादा. चूक माझी होती. मला लाज वाटते.

मालकांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "माझ्या दादाने." इथे आठ मशीनं आहेत, बघायला माणूस हवाय. त्यांनी तुला सोमवारी बोलावलंय. माझ्यावर रागावून ये, बोलू नकोस, चालेल. पण तुझा पेचकस घेऊन ये.

दोन्ही टक ऐकूनच झाकण लावणारी,
तुझी भिंगरी